रत्नागिरीचे शिकवणारे रुग्णालय : कुठवर आले, कुठे अडले

‘सिव्हिलातून कोल्हापूरला पाठवलान’ हे वाक्य कधीच कानावर न आलेले घर रत्नागिरी तालुक्यात शोधून सापडायचे नाही. चिपळूण-गुहागरकडे कोल्हापूरच्या जागी कऱ्हाड येते, दापोली-मंडणगडकडे मुंबई. पेशंट गंभीर झाला की घाट चढायचा, नाहीतर मुंबईचा रस्ता धरायचा, ही या जिल्ह्याची जुनी रीत. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली आणि जिल्हा रुग्णालय हेच शिक्षण-रुग्णालय झाले. आता घाट चढणे थांबेल, अशी आशा तेव्हापासून बोलून दाखवली जाते. थांबणार नाहीच, उलट सिव्हिलची होती ती घडीही विस्कटेल, अशी शंकाही तितक्याच वेळा ऐकू येते. दोन्ही बाजूंचे मुद्दे आता पुरेसे पुढे आले आहेत. ते मांडायचे तर थोडे मागे जावे लागते, आणि मागे गेले की पाऊल आधी परळात पडते.

कोकणचे रुग्णालय मुंबईत

रत्नागिरीत शिक्षण-रुग्णालय फार उशिरा आले, पण शिक्षण-रुग्णालयाचा पेशंट म्हणून रत्नागिरीकर जुनाच. गिरणगावाच्या ऐन वस्तीत, परळला, १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तिथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, अशी देणगीमागची अट होती. आसपासच्या चाळींत राहणारा गिरणी कामगार मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतला. गावाकडचे दुखणे मुंबईला यायचे ते त्याच्याच खोलीवर. गावमंडळाच्या खोल्या या अर्ध्या धर्मशाळाच होत्या. केसपेपर काढायला लालबागचा भाचा आणि डबा पोचवायला दादरची चुलती, एवढी व्यवस्था झाली की गावचा पेशंट निर्धास्त होई.

कोकणचा पैसाही मुंबईच्याच रुग्णालयांत गेला. असहकाराच्या चळवळीच्या लाटेत १९२१ मध्ये मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. पुढे ते नायर रुग्णालयाशी जोडले गेले आणि मूळ कोकणातल्या टोपीवाले देसाई घराण्याच्या मोठ्या देणगीनंतर टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज झाले. शीव रुग्णालयाची गोष्ट आणखी वेगळी. १९४७ मध्ये लष्कराच्या रिकाम्या बराकींत, जेमतेम पन्नास खाटांवर त्याची सुरुवात झाली. मुंबई उत्तरेकडे पसरत गेली तसे ते वाढत गेले आणि १९६४ मध्ये तिथे महाविद्यालय आले. आधी रुग्णालय, मग वस्तीच्या रेट्याने वाढलेल्या खाटा आणि त्यानंतर महाविद्यालय, हा शीवचा क्रम ध्यानात ठेवावा. रत्नागिरीत तो उलटा झाला आहे. महाविद्यालयाचा निर्णय आधी झाला आणि त्याच्या मापाने रुग्णालय वाढवायचे काम मागाहून आले.

मुंबईच्या या सोयीचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. आपले मोठे रुग्णालय मुंबईत आहेच, या समजुतीने कोकणाने घरच्या मोठ्या रुग्णालयाची मागणी कधी हिरिरीने केलीच नाही. रस्ता, धरण, रेल्वे, बंदर यांसाठी आंदोलने झाली, सभा गाजल्या. वैद्यकीय महाविद्यालय निवडणुकीच्या भाषणापुरते राहिले. परिणामी २०२१ पर्यंत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते.

रत्नागिरी शहरात रुग्णसेवेची परंपराच नव्हती, असे मात्र नाही. इथले मनोरुग्णालय १८८६ चे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. पेटिट यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात इथे कुष्ठरुग्णालयही उभे राहिले होते. जिल्ह्याचे गाव म्हणून सिव्हिल हॉस्पिटल होतेच. म्हणजे समाजाने बाजूला टाकलेल्यांसाठी शहरात जागा होती. डोक्याला मार लागलेल्यासाठी किंवा छातीत कळ आलेल्यासाठी ती नव्हती.

घाटापलीकडची तीन गावे

गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, मुंबईतली खोली वसई-विरार आणि बदलापूरकडे सरकली. पेशंटला घेऊन केईएमला उतरणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. त्याच काळात घाटावरची रुग्णालये मोठी होत गेली. मिरजेला विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाचे नाव कोकणात जुने. तिथेच १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कुंभार्ली घाटाच्या वर कऱ्हाडला १९८४ मध्ये कृष्णा रुग्णालयाचे महाविद्यालय निघाले आणि चिपळूणची वाट तिकडे वळली. आंबा घाटावरून सुमारे १३० किलोमीटरवर कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय.

रत्नागिरीने सर्वांत बारकाईने पाहावे ते सीपीआरकडे. संस्थानकाळापासूनचे हे जिल्हा रुग्णालय विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले. गावाच्या मध्यात जुने रुग्णालय, शेंडा पार्कला महाविद्यालय आणि दोहोंमध्ये धावपळ करणारे विद्यार्थी-अध्यापक, असा तिथला बराच काळ गेला. पण त्याच सीपीआरने दोन दशकांत सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सीमाभागातल्या पेशंटचा भार उचलला. जिल्हा रुग्णालयाचे शिक्षण-रुग्णालय होऊ शकते याचा पुरावा कोल्हापूरला आहे. त्याला किती वर्षे लागतात, याचाही.

दक्षिणेचा रस्ता गोव्याला जातो. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेचा वारसा सांगते आणि सिंधुदुर्गाचे ते व्यवहारात जिल्हा रुग्णालयच होते. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातल्या पेशंटकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्गकडे मोठी अस्वस्थता पसरली. दुसऱ्या राज्याच्या खजिन्यावर आपला दवाखाना चालतो, याची जाणीव कोकणच्या राजकारणाला त्या वर्षी पहिल्यांदा धडपणे झाली, असे मला वाटते. २०२१-२२ मध्ये सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामागे हा धक्काही होता.

रत्नागिरीला धक्का दिला तो कोविडने. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत जिल्ह्यातल्या संशयितांचे नमुने मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जात आणि अहवाल यायची वाट पाहत अख्खी वाडी बसून राही. पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीतच प्रयोगशाळा झाली, तोवर एक गोष्ट सर्वांना कळून चुकली होती : महाविद्यालय असलेल्या जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतो आणि नसलेल्या जिल्ह्यात नमुन्यांची गाडी असते. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, चिपळूण बुडाले, आंबा घाट खचला, पूल तुटले. पेशंट ‘वर’ न्यायचा तो रस्ताच ऐन पावसाळ्यात बंद होऊ शकतो, हेही तेव्हा दिसले.

डेरवणचा प्रयोग

शासकीय महाविद्यालयाच्या चर्चेत जिल्ह्यातल्या दुसऱ्या शिक्षण-रुग्णालयाचा उल्लेख अनेकदा राहूनच जातो. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टने १९९६ मध्ये भक्तश्रेष्ठ कमलाकरपंत लक्ष्मण वालावलकर रुग्णालय सुरू केले. बाहेरच्यांना डेरवण ठाऊक असते ते शिवसृष्टीसाठी. खेड-चिपळूण-संगमेश्वरच्या माणसाला ते वालावलकर हॉस्पिटलसाठी. सुमारे दोन दशके रुग्णालय चालवल्यावर ट्रस्टने २०१५ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढले. इथला क्रम शीवचा आहे : आधी पेशंट, मागून विद्यार्थी.

डेरवणने संशोधनाकडेही लक्ष दिले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने गावोगावी कर्करोग तपासणी झाली, आणि कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा आणि पुढच्या आरोग्याचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास इथूनच हाती घेतला गेला. खेड्यातल्या रुग्णालयाने स्वतःच्या परिसराचा प्रश्न घेऊन त्याचे उत्तर शोधावे, ही गोष्ट कोकणाला नवी नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या पेशंटची एकेक नोंद ठेवून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त औषधाचा उपचार रूढ केला. त्यांच्यापाशी ना महाविद्यालय होते ना प्राध्यापकपद. होती ती नोंदवही आणि पेशंटशेजारी रात्र काढायची तयारी. म्हणून ‘महाविद्यालय आले की संशोधन येईल’ हे विधान थोडे जपूनच करावे. पण फुरशाचा दंश, लेप्टोस्पायरोसिस, सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसलेला माकडताप, असे अभ्यासाचे विषय कोकणात पायाखाली पडलेले आहेत आणि ते उचलायला विभाग, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी असले तर हवेच आहेत.

डेरवणमुळे एक प्रश्न आपोआप उभा राहतो. एक संस्था ट्रस्टची, दुसरी सरकारची. एक जिल्ह्याच्या मध्यावर महामार्ग आणि कोकण रेल्वेजवळ, दुसरी समुद्रकाठच्या जिल्ह्याच्या गावी. मंडणगडहून रत्नागिरी शहर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, डेरवण त्याहून बरेच जवळ. दोघांनी मिळून जिल्हा वाटून घ्यावा, अमुक आजार इकडे आणि तमुक तिकडे असे ठरवावे, ही सूचना अधूनमधून होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांतही मोफत उपचार होत असल्याने ते अशक्यही नाही. पण अशी वाटणी कागदावर कोणी मांडलेली नाही.

नियम काय सांगतात, काय सांगत नाहीत

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या किमान मानकांनुसार शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते आणि त्यातल्या सरासरी ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्या लागतात. म्हणजे रोज ३३० हून अधिक पेशंट दाखल असायला हवेत. मुंबईत एवढे पेशंट एका मजल्यावर सापडतील. रत्नागिरीत चित्र वेगळे आहे. २००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १७ लाख होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत माणसे वाढली, इथे घटली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाण राज्यात सर्वाधिक. त्याचा अर्थ कामाच्या वयाचे पुरुष अजूनही बाहेर आहेत. गावात राहिले ते म्हातारे, बायका आणि मुले. दुखणी भरपूर, पण वाड्या विखुरलेल्या, नदी-खाड्यांनी तोडलेल्या, आणि दुपारनंतर एसटी नसलेल्या.

दर दहा लाख लोकसंख्येमागे एमबीबीएसच्या शंभर जागा, असेही एक सूत्र आयोगाने २०२३ मध्ये मांडले आणि राज्यांच्या विरोधानंतर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. ते राज्यासाठी होते, जिल्ह्यासाठी नव्हे. तरी गंमत म्हणून रत्नागिरीला लावून पाहावे : सोळा लाखांना एकशे साठ जागा. जिल्ह्यातल्या दोन महाविद्यालयांत मिळून दोनशेहून कमी नाहीत. रत्नागिरीला डॉक्टरांचा कारखाना हवा होता म्हणून महाविद्यालय आले, असे कोणी म्हणत असेल तर आकडे त्याच्या बाजूने नाहीत. ते आले ते उपचारांसाठी. आणि इथेच खरी मेख आहे.

एमबीबीएसच्या महाविद्यालयाला औषधशास्त्रापासून बालरोगापर्यंत वीसेक विभाग लागतात; हृदयशस्त्रक्रिया, मेंदूशस्त्रक्रिया, मूत्रपिंडविकार, जळितांचा स्वतंत्र विभाग हे लागत नाहीत. ते अतिविशेषोपचार. मुंबई-गोवा महामार्गावर डोके फुटलेला, लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत भाजलेला, रात्री दोनला छातीत कळ आलेला, हे पेशंट घाट चढतात. महाविद्यालयाची तपासणी शंभर टक्के गुणांनी पास झाली तरी यांतल्या एकाचाही घाट त्यामुळे वाचेलच असे नाही. जनतेची अपेक्षा एक आणि नियमांची अट दुसरी. गेल्या दोन-तीन वर्षांतली बरीच वादावादी या दोन गोष्टी एकच धरल्याने झाली आहे.

महाविद्यालयाच्या बाजूने

समर्थकांचे म्हणणे असे. अतिविशेषोपचार एका दिवसात येत नाहीत. आधी मेडिसिन, सर्जरी, भूल, क्ष-किरण हे पाये पक्के व्हावे लागतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात ते कधीच पक्के होत नाहीत. तिथे एक सर्जन, तो रजेवर गेला की शस्त्रक्रिया बंद. महाविद्यालयात त्याच विषयाचे प्राध्यापक, सहयोगी, सहायक असे अनेक असतात. शिवाय शिकणारे विद्यार्थी ही वॉर्डावरची एक नजर असते. ‘का’ विचारणारा कोणीतरी शेजारी उभा असला की उपचाराला शिस्त लागते. सिव्हिलमध्ये केसपेपरवर दोन ओळी असायच्या, आता इतिहास लिहिला जातो, ही साधी गोष्टही ते पुढे करतात.

दुसरा मुद्दा गावाचा. आयोगाच्या अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक योजना आहे. विद्यार्थी पहिल्या वर्षापासून काही कुटुंबांशी जोडला जातो. १९४६ च्या भोर समितीने समाजाभिमुख डॉक्टरचे जे चित्र रंगवले होते, त्याकडे नेणारी ही वाट आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून विद्यार्थी गाव दत्तक घेत आले आहेत आणि त्याचा ठसा तिथल्या पदवीधरांवर दिसतो. हे रत्नागिरीत का होऊ नये, असे समर्थक विचारतात.

शंका घेणारे

शंका घेणाऱ्यांचा रोख महाविद्यालयावर कमी आणि सिव्हिलच्या हस्तांतरावर जास्त आहे. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. एका खात्याचे रुग्णालय दुसऱ्याकडे जाते तेव्हा इमारत जाते, पण मागची माणसे, औषधखरेदी, अधिकार हे सगळे विस्कळीत होते. जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जिल्हा उरतो, रुग्णालय जाते. अपंगत्वाचे दाखले, शवविच्छेदन, न्यायालयीन कामे, दापोली, कामथे, कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयांवरची देखरेख, ही कामे कोणाच्या माणसांनी करायची, हे सोडवायला वेळ जातो. मनोरुग्णालय शहरातच आहे, तेही आरोग्य विभागाचे. मनोविकारशास्त्र शिकवायला एवढी जुनी संस्था दाराशी असूनही तिचा उपयोग दोन खात्यांच्या पत्रव्यवहारावर अवलंबून, ही गोष्ट थोडी विनोदी आहे.

दुसरी शंका भाराची. ‘मेडिकल कॉलेज’ अशी पाटी लागली की तालुक्यांतून पेशंट सरळ तिकडे येतात आणि तालुक्यातले डॉक्टरही पुढे पाठवायला मोकळे होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात अठरा जण दगावले, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात चोवीस तासांत चोवीस, त्यांत बारा नवजात बालके. दोन्ही ठिकाणी चर्चा झाली ती हीच : आजूबाजूच्या तालुक्यांनी शेवटच्या घडीला पाठवलेले पेशंट, अपुरी माणसे, औषधांची ओढाताण. महाविद्यालय एकटेच मोठे केले आणि खालची रुग्णालये तशीच ठेवली तर सगळे ओझे एका खांद्यावर येते, हा त्यातून घेण्याचा धडा आहे, आणि तो रत्नागिरीच्या समर्थकांनाही अमान्य नाही.

तिसरा पवित्रा कमी ऐकू येतो, पण विचार करण्याजोगा आहे. महाविद्यालयच कशाला, असे हे लोक विचारतात. जिल्हा रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण सुरू करा. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी पदव्या आहेत, २०२० पासून दोन वर्षांच्या पदविकाही आहेत. त्यात शिकणारा हा आधीच डॉक्टर असतो, पहिल्या दिवसापासून वॉर्ड सांभाळतो. केईएम आणि शीवची रात्र निवासी डॉक्टरांवर चालते, प्राध्यापकांवर नव्हे. रत्नागिरीच्या नव्या महाविद्यालयात पहिली काही वर्षे ना इंटर्न ना पुरेसे निवासी डॉक्टर. २०२३ ची तुकडी साडेचार वर्षे शिकून आणि एक वर्ष इंटर्नशिप करून बाहेर पडेल ती २०२९ च्या सुमारास. तोवर पहाटे तीनला वॉर्डात कोण, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे, ही केंद्राची जिल्हा निवासी योजना या पोकळीला थोडासा टेकू देते, एवढेच. मला या पवित्र्यात बरेच तथ्य दिसते. मात्र महाविद्यालय झालेच आहे, तर पदव्युत्तर जागा लवकर मिळवणे हाच त्याचा व्यावहारिक अर्थ उरतो.

माणसे कुठून आणायची

दोन्ही बाजूंचे एका मुद्द्यावर एकमत आहे : अध्यापक. इमारत कंत्राटदार बांधतो, शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक बांधून मिळत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्याआधी तीन-चार वर्षांत कोकणात अलिबाग, ओरोस आणि रत्नागिरी झालीच होती. एवढ्या थोड्या काळात एवढ्या महाविद्यालयांनी एकाच विहिरीवर दोर टाकले आहेत. जुन्या महाविद्यालयांतून प्रतिनियुक्तीवर माणसे नव्या ठिकाणी पाठवायची, तपासणी उरकली की ती परत, हा प्रकार राज्यभर वर्षानुवर्षे बोलला गेला आहे. आयोगाने आधारशी जोडलेली हजेरी सक्तीची केल्यापासून तो अवघड झाला, पण माणूस तयार झाला असे नाही.

रत्नागिरीची अडचण आणखी निराळी. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला इथे यायचे तर जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय, सगळे पाहावे लागते. कंत्राटी मानधनावर तर कोणी संसार हलवत नाही. स्थानिक खासगी डॉक्टरांना मानद अध्यापक म्हणून घ्यावे, असा एक मार्ग सुचवला जातो. मुंबईच्या पालिका रुग्णालयांचे मोठे नाव मानद डॉक्टरांनीच केले होते. पण मानद डॉक्टर सकाळी दोन तास येतो आणि आयोगाला पूर्णवेळ माणूस हवा असतो.

विद्यार्थी कोण, हा दुसरा धागा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने प्रवेशाचे ७०:३० चे विभागीय सूत्र रद्द केले. आता सगळे राज्य एका गुणवत्ता यादीत, पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात. म्हणून रत्नागिरीच्या महाविद्यालयात लातूर, नाशिक, नगरची मुले दिसतात आणि ते योग्यच आहे. पण ‘आपल्या जिल्ह्यातली मुले शिकतील आणि इथेच राहतील’ असे भाषणांतून जे सांगितले गेले, ते या पद्धतीत आपोआप होणार नाही. शासकीय महाविद्यालयाच्या पदवीधराला वर्षभराची सक्तीची सेवा असते, ती टाळली तर दहा लाखांचा दंड; पण ती राज्यात कुठेही करता येते. सेवाग्रामने ग्रामीण सेवा ही पदव्युत्तर प्रवेशाचीच अट केली, तसे काही इथे करता येईल का, यावर विचार झालेला दिसत नाही.

काय सुटलेले नाही

महाविद्यालय असावे की नसावे, हा वाद आता संपल्यात जमा आहे. उरलेले प्रश्न अधिक कठीण आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाकडे सिव्हिल गेल्यावर जिल्ह्याला वेगळे जिल्हा रुग्णालय हवे का, आणि हवे तर एकाच शहरात दोन मोठी रुग्णालये भरतील एवढे पेशंट आणि चालवतील एवढी माणसे आहेत का? उत्तर रत्नागिरीने, म्हणजे मंडणगड, दापोली, खेड यांनी, दीडशे किलोमीटर खाली यावे की डेरवणशी त्यांची अधिकृत गाठ घालून द्यावी? कळंबणी, कामथे, दापोलीची उपजिल्हा रुग्णालये महाविद्यालयाच्या अध्यापनाशी जोडता येतील का? जोडली तर भार वाटला जाईल आणि विद्यार्थ्याला खेडेही दिसेल. पण त्यासाठी पुन्हा दोन खात्यांना एका टेबलावर यावे लागेल. आणि मेंदूशस्त्रक्रिया, हृदयविकार, भाजलेले पेशंट, नवजात बालके या चारांपैकी आधी काय आणायचे?

या शेवटच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. महामार्ग आणि लोटेची वसाहत पाहता अपघात आणि भाजलेल्यांची व्यवस्था आधी हवी. पहिल्या तासात रक्त थांबवणारी आणि श्वास चालू ठेवणारी सोय असली तर पुढचा घाट पेशंट जिवंत चढतो. हृदयविकाराची कॅथलॅब लोकप्रिय असते आणि तिचे उद्घाटनही थाटात होते, पण ती चालवायला चोवीस तास माणूस लागतो. यंत्र आणून कुलूप लावायची वेळ येऊ नये. याला उलट उत्तर देणारेही डॉक्टर आहेत. म्हाताऱ्यांच्या या जिल्ह्यात हृदयविकारच पहिला, असे ते म्हणतात. हा वाद मतांनी मिटणार नाही, आकड्यांनी मिटेल, आणि नेमके तेच आकडे कोणी समोर ठेवत नाही.

सिव्हिलमधून कोण पुढे गेला, कुठल्या दुखण्याने गेला आणि कुठे पोचला, याची नोंद रेफर करताना कागदावर होतेच. १०८ च्या रुग्णवाहिकेचीही नोंद असते. ते कागद फायलीत पडून राहतात. महाविद्यालयाने दर महिन्याला किती पेशंट जिल्ह्याबाहेर पाठवले, कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या रुग्णालयात, हे तीन आकडे नावे वगळून ओपीडीच्या दाराशी फलकावर लावावेत. जिल्हा नियोजन समितीच्या प्रत्येक बैठकीत ते वाचले जावेत. रत्नागिरीकरांनी आपल्या आमदार-खासदारांकडे नव्या इमारतीच्या आधी एवढी एक मागणी करावी.